मयूराने नाकारलेले टायर

नाव पद्माकर वामन केळशीकर, वय ६३, धंदा काही नाही, दूरध्वनी खात्यातून सेवानिवृत्त. कायमचा पत्ता चिंचवड, पुणे. सध्या मुक्काम क्रेगीबर्न, मेलबर्न, मुलगी मयूरा हिच्याकडे. दिनांक १७ ऑक्टोबर २००९.

पोलीस स्टेशनात समक्ष हजर राहून, दुभाषी श्रीमती रेखा यांच्यामार्फत विचारल्यावरून सांगतो की, मला इंग्रजी समजते व वाचता येते. बोलताना अडखळतो, म्हणून जबाब मराठीत देत आहे.

माझी मुलगी २००६ साली विद्यार्थी व्हिसावर येथे आली. तिच्याबरोबरची बहुतेक मुले अकाउंटिंग किंवा कुकरीला गेली. तिने मोटार मेकॅनिकचा कोर्स घेतला. आमच्या नात्यात यावर बरेच बोलले गेले. तिने कोर्स पूर्ण केला व एका गॅरेजमध्ये नोकरीस आहे. पर्मनंट रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पीआरसाठी, तिचा अर्ज गेलेला आहे. यंदा येथील भारतीय विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांच्या बातम्या पुण्यात रोज येऊ लागल्या, म्हणून मी जुलैमध्ये तिला पाहण्यास आलो.

मयूरा ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या श्रीमती जोन, वय अंदाजे सत्तर, यांच्याकडे बसएवढे मोटारहोम आहे. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी सर्व आहे. त्यांचे यजमान वारल्यापासून मोटारहोम अंगणात उभेच होते. जोनबाईंना ते घेऊन अॅडलेडला बहिणीकडे जायचे होते. उभे राहून राहून सहाही टायर कामातून गेले होते. मोठ्या दुकानाने सांगितलेला भाव बाईंच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. मयूरा त्यांना म्हणाली, "जोन, मी बघते. स्वस्त मिळतील, पण वाईट नाही घेणार."

प्रथम तिने टाकी भरून, सामान चढवून, मोटारहोम अगदी सावकाश जवळच्या वजनकाट्यावर नेले. पुढच्या व मागच्या चाकांवर किती भार येतो ते पाहिले. मी कारण विचारले असता म्हणाली, "बाबा, किती ओझं पेलायचंय ते कळल्याशिवाय टायर कसा निवडायचा?" अधिकाऱ्यांनी हा तपशील आवश्यक नसल्याचे सांगितले. तरी तो लिहावा अशी माझी विनंती आहे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी मी, मयूरा व जोनबाई एका खाजगी विक्रेत्याच्या यार्डात गेलो. त्याने दाखवलेले टायर काळे कुळकुळीत होते, खाचा खोल होत्या आणि किंमत दुकानाच्या निम्मी होती. मला ते उत्तम वाटले. मयूराने एका टायरची बाजू फडक्याने पुसली, मग उलटी बाजू पाहिली. तेथे चार आकडे होते, २३००. ते मी स्वतः वाचले. मयूराने मला सांगितले की पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे टायर नऊ वर्षांचा होता. तिने रिमजवळच्या केसाएवढ्या चिराही दाखवल्या. "नुसतं पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं, बाबा. वरून कळत नाही," असे ती म्हणाली.

तिने विक्रेत्यास नको म्हणून सांगितले. तो हसून म्हणाला, "स्टुडंट आहेस ना तू? टॅक्सी चालव, मेट." मेट म्हणजे येथे मित्र. मयूराने माझा हात धरला.

आम्ही निघत असताना ब्रायन व पॅम हे वयस्कर जोडपे तशाच मोठ्या मोटारहोममधून आले. त्यांनी तेथील सहा टायर आधीच ठरवले होते व त्यांतले काही बाजूला काढून ठेवलेले होते. पॅमबाईंनी विक्रेत्यास विचारले, "हे कधीचे आहेत?" तो म्हणाला, "गेल्या वर्षीचा माल." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. त्या वेळी मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

जोनबाई गाडीत बसल्या होत्या. मलाही आपण निघावे असे वाटत होते, तसे मी मयूराला म्हटले. ती परत गेली. विक्रेत्यासमोर तिने पॅमबाईंना बाजूला काढलेल्या टायरांवरचे आकडे दाखवले व म्हणाली, "हे नऊ वर्षांचे आहेत. घेऊ नका. घेणारच असाल तर निदान पुढचे दोन तरी दुसरीकडून नवे घ्या. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहणार नाही." विक्रेता तिच्या अंगावर ओरडला. ब्रायनही चिडले, टायरचे आम्ही बघू म्हणाले. मयूराने पॅमबाईंना आपला फोन नंबर दिला, मगच निघाली. तिचा आवाज चढला नव्हता. गाडीत बसल्यावर चावी लावायला तिला थोडा वेळ लागला.

जोनबाईंसाठी तिने पुढे ट्रकच्या टायरांच्या दुकानातून सहा टायर घेतले. कंपनी फारशी नावाजलेली नाही, परंतु माल त्याच वर्षीचा व भार पेलणारा. किंमत बाईंना परवडली. त्या टायरांवर आम्ही तिघे अॅडलेडला जाऊन सुखरूप परत आलो. जोनबाईंनी रस्ताभर गाणी म्हटली. हेही आवश्यक नसल्यास माझी हरकत नाही.

सप्टेंबरअखेर पॅमबाईंचा फोन आला. ह्यूम फ्रीवेवर सेमूरजवळ त्यांचा मागचा डावा टायर फुटला. गाडी कठड्यावर घासली व ब्रायन यांचा हात मोडला. पुढचे दोन टायर त्यांनी मयूराच्या सांगण्यावरून नवे घेतले होते. पॅमबाई रडत म्हणाल्या, "म्हणून ब्रायनला गाडी रस्त्याच्या कडेला आणता आली. नाहीतर आम्ही समोरच्या ट्रकखाली गेलो असतो." त्यांनी पोलिसांत तक्रार केली असून आम्ही यार्डात ऐकले ते सांगावे अशी त्यांची विनंती आहे. आता विक्रेता म्हणतो की टायर जुने असल्याचे त्याने स्पष्ट सांगितले होते आणि पॅमबाई खोटे बोलतात.

काल संध्याकाळी मयूराचा मित्र विक्रांत घरी आला होता. तो मला म्हणाला, "काका, तिची पीआरची फाईल आत आहे. पोलिसात नाव कशाला? गप्प राहा दोघं." मुलगा चांगला आहे, काळजीने बोलला. मयूरा कणीक मळत होती. ती म्हणाली, "विक्रांत, त्या बाई खरं बोलतायत आणि ते आम्हालाच माहितीये. माझ्या फाईलचं जे व्हायचं ते होऊ दे." मी उठून आज येथे येण्यासाठी इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला.

अधिकाऱ्यांनी विचारले की विक्रेत्याशी माझे वैर आहे काय. नाही. मुलीच्या अर्जास मदत व्हावी म्हणून जबाब देत आहे काय. नाही. मुलीस पोलीस स्टेशनला मी आणले काय. मी तिला आणलेले नाही. तिने मला आणले आहे.

हा मजकूर दुभाषी श्रीमती रेखा यांनी मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच व तसेच लिहिले आहे. वाचताना दोन ठिकाणी मी त्यांना थांबण्यास सांगितले, ते पाणी पिण्यासाठी. मजकुरात बदल नाही.

सही,
पद्माकर वामन केळशीकर