झेड येईल तिलेच वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी कशी अडून बसली, ते ऐका. प्रताप नगरातल्या आमच्या शेजारच्या श्वेतानं कुंकू लावलं, तिळगूळ दिला अन् हाती कागद-पेन्सिल ठेवली.

"झेड असलेले पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द लिहा. ज्यांना येतील त्यांनाच वाण!"

मी चौथी शिकलेली. कागद कोराच परत केला.

"काकू, एक तरी लिहा ना!"

"येत नाही मले. अन् वाण काहून जिंकावं लागते वं? घरी बोलावलेल्या बाईले ते द्यावंच लागते."

"अहो, गेम आहे हा!"

"असू दे. वाण घेतल्याबिगर मी उठत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची सासू ओरडली, "श्वेता, मलेही झेड येत नाही वं. आज जेवाले देशील का नाही?"