बायको पुण्यात असते, माजघरात

...ह्याला काय घर म्हणायचं का, तुम्हीच सांगा पावणं! स्वतःच्या घरात शिरताना चपला हातात घ्यायच्या, खोकला आला तर गिळायचा... का? तर बायको पुण्यात हाय! पुण्यात म्हंजे कुठं? आमच्याच माजघरात! मी जळत न्हाय हं, नुसतं सांगतोय.

तर आमची दानेश्वरी लग्नाआधी पुण्याला पंपाच्या कंपनीत ऑर्डरी बघायची. लग्न झालं, कोल्हापूरला आली, म्हटलं सुटली नोकरी. सुटती कशाची! तिचा सायेब म्हणाला, "मॅडम, सोडू नका, घरात बसून करा," आणि कॉम्प्युटर पाठवला की वो! त्यात ते व्हीपीएन. दोन हजार तीन सालात कायबी निघतंय! टेलिफोनच्या तारेतनं म्हणं चोरवाट, थेट कंपनीच्या कपाटापर्यंत, मधी कोण डोकावणार न्हाय. मला दिली का कुणी चोरवाट? इतकी वर्सं उचगावच्या फौंड्रीत गोदामात राबतोय, धूळ खातोय... मी जळत न्हाय हं!

मालकांस्नी, हंबीररावांस्नी विचारलंबी, "मलाबी व्हीपीएन द्या की." तर म्हणाले, "शिवकुमार, लोखंड काय तारेतनं पाठवू व्हय रं?" सगळं गोदाम हसलं!

आणि आमची अव्वा, जन्मदात्री! मी दमून आलो तर "पाणी घे की हातानं," आणि सुनंला चहा जागेवर, कप वाजू नये म्हणून खाली रुमाल घालून! मी जळत न्हाय हं, पर रुमाल?

परवा मालकांनी बोलवलं. म्हणाले, "उद्यापासनं तू गोदामाचा मुख्य." डोळं भरलं वो माझं! पहिलं कुणाला सांगणार? बायकोला! घरला फोन लावला... एंगेज. परत लावला... एंगेज! इंटरनेट चालू असलं की फोन बंद, तार एकच ना! माझी जन्मातली पहिली बढती आणि तार धरून बसलीया पुण्याची कंपनी! मी जळत न्हा... बरं, जळलो!

पेढं घेऊन घरला गेलो. दारातच अव्वा, तोंडावर बोट.

"शूऽऽ! पुण्यात हाय ती!"

"अव्वा, बढती झाली मला..."

"झाली तर झाली, हळू बोल!"

बसलो भाईरच्या सोप्यात, पुडा मांडीवर घेऊन, सोयरीक बघायला आल्यागत.

शेवटी दार उघडलं. दानेश्वरीनं पुडा बघितला, माझं तोंड बघितलं, न सांगताच वळखलं. पेढा माझ्या तोंडात घातला आणि एकदम रडायलाच लागली! म्हटलं, आनंदानं रडती बिचारी.

तर म्हणती कशी, "तुमचं बरं हाय वो! बाहेर पडता, माणसं भेटत्यात, कोणतरी समोर उभं ऱ्हाऊन शाब्बास म्हणतंय. मी आपली दिवसभर भिंतीकडं तोंड करून. जळते मी तुमच्यावर, रोज जळते! पर कधी तोंडातनं शब्द काढला का?"

घरात जळायचं तेवढं एकच काम माझं एकट्याचं हुतं पावणं... त्यातबी ही माझ्यापेक्षा हुशार निघाली!