गुडघ्याला लावलं तेवढं तेल

मंडळी, उभा राहिलो खरा, पण समोर मावशीचा मुलगा दत्ता बसलाय. म्हणून आधी बातमी सांगतो, माझी सवयच ती. प्रदूषण खात्याचे साहेब उद्या सकाळी यार्डामागच्या विहिरीवर येत आहेत. तासाभरापूर्वी त्यांनी स्वतः मला फोनवर सांगितलं. पंचनामा होणार. तेल कुणी सांडलं ते ठरणार, आणि ज्यानं सांडलं त्यानंच ती माती उचलून न्यायची.

ही बातमी जिला ऐकायची होती, ती कौसामावशी परवा गेली.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. हसनाबाद रस्त्याला वीज कंपनीचं यार्ड होतं. जळालेल्या डीप्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिथं दुरुस्त व्हायच्या. त्यांतलं जुनं तेल मागच्या चारीत, पाण्याच्या चरात, ओतायचे. चारीच्या खाली मावशीची विहीर. आधी पाण्यावर तवंग आला. मग बैलांनी तोंड लावणं सोडलं. यार्ड दुसरीकडे गेलं, माती तिथंच राहिली.

आणि आपण? आपण बाटल्या घेऊन यार्डात जात होतो. डीपीचं तेल गुडघेदुखीवर चालतं, हे कुणी सांगितलं देव जाणे. पण कुणाच्या घरी ती बाटली नव्हती? तेल चोळायचं आणि उन्हात बसायचं.

कंपनीनं नेमकं तेच धरलं. मागच्या सुनावणीत त्यांचे इंजिनिअर म्हणाले, गावकरी तेल चोरून न्यायचे, नेताना त्यांनीच सांडलं. साहेबांनी आपल्याकडे वळून विचारलं, कुणी तेल नेलं होतं का? आठवतं ना? चोरीचा ठपका कोण घेणार? आपण सरळ नाही म्हणालो. आणि तिथंच फसलो. जे यार्डात गेलेच नाहीत, त्यांनी तेल ओतताना पाहिलं कसं?

मग मावशी उठली. पदर सावरून म्हणाली, "साहेब, म्या नेलंय. मालकाच्या गुडघ्यासाठी. बाटली घ्यायला गेल्ते, तवाच ह्यांचा माणूस चारीत ड्रम उलटा करताना बघितला. गुडघ्याला लावलं तेवढं माझं. हिरीत गेलं ते यांचं."

इंजिनिअर हसले. गुन्हा कबूल करताय, म्हणाले.

"मंग लिहा की. पर दोन्ही लिहा."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणते, गुडघा काही बरा झाला न्हाई, तेवढं लिहायचं राह्यलं.

मंडळी, परवापासून मी एका जागी बसलेलो नाही. कागद घेतो, ठेवतो. पाहिलं असं सांगणारी ती एकटीच होती. उद्या कंपनी विचारेल, तुमचा साक्षीदार कुठाय? काय सांगायचं? आता खालच्या विहिरींवरही तवंग दिसू लागलाय. आणि मला माहीत आहे, तो ड्रम पाहिलेले कितीतरी जण आत्ता माझ्यासमोर बसलेत.

मावशी, तुला हात जोडतो.

आता तिच्यासाठी थोडा वेळ गप्प उभं राहायचंय. उद्या साहेब विहिरीवर पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहेत, तेल कुणी नेलं होतं? पहिला हात दत्ता वर करणार आहे. बाटली आणायला आईबरोबर तोही जायचा. त्याच्यानंतर कुणाचा हात, ते या शांततेत ज्यानं त्यानं ठरवावं.

उठा मंडळी.