एकदा दिलंय ना मी

...नाही, मला सांगा, केस एकदा कापले म्हणून न्हाव्याकडे पुन्हा जायचंच नसतं का? आंघोळ एकदा केली म्हणून जन्मभर कोरडे राहता का तुम्ही? मग रक्ताच्या बाबतीतच लोकांना काय होतं? फोन केला की उत्तर ठरलेलं, "अगं इंगा, एकदा दिलंय ना मी." एकदा. जशी काही गोवराची लस टोचून घेतली, आता कटकट मिटली.

तुम्हाला सांगते, आमच्या या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या काठच्या गावात रक्तदात्यांच्या मंडळाची मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, बैठकीला दुसरं कुणी आलंच नाही, म्हणून झाले. काम एकच, दर तीन महिन्यांनी रक्त घेणारी बस व्यायामशाळेसमोर येते, तिच्यात माणसं चढवायची. नवी माणसं मिळतात हो. नवा माणूस दंडावरच्या पट्टीचा फोटो काढतो, गावभर दाखवतो, सरबत पितो, दालचिनीचे रोल हाणतो... आणि गायब. पुन्हा बोलवा, की बेकरीवाला हेल्गे म्हणतो, "माझं रक्त आता शिळं झालंय गं, कोण घेणार?" अरे, कालचा पाव ताजा म्हणून विकतोस, तेव्हा नाही आठवत? शाळेतली रिग्मोर म्हणते, "या वेळी नको, आम्ही स्पेनला निघालोय." जानेवारीत विचारलं तरी स्पेन, एप्रिलमध्ये विचारलं तरी स्पेन, तिथल्या उन्हात एवढं जाऊन ही बाई अजून पांढरीफटक कशी?

आणि सगळ्यांवर कडी टॉरबेनची. हा माझा शेजारी, बोटी दुरुस्त करतो, दाराएवढा माणूस, वादळात बोट बाहेर काढायची तर सगळे यालाच हाक मारतात. पण मी कुंपणाशी दिसले की हा घरात. एका सकाळी तर मला बघून दुरुस्तीच्या बोटीखालीच शिरला. मीही हटले नाही, उभी राहिले थंडीत. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "इंगा, एकदा दिलंय ना मी."

मग गेल्या ऑक्टोबरात त्याची बायको युट्टे दुकानात चीजच्या कपाटासमोर कोसळली. पोटात अल्सर होता, तो फुटला. पोट दुखतंय, दुखतंय म्हणत अंगावर काढलं होतं तिने, आत रक्त वाहतंय हे कुणाला कळणार? टॉरबेनला गाडीची किल्लीच लावता येईना. शेवटी ॲम्ब्युलन्सच्या मागे मीच त्याला नेलं. इस्पितळात काचेतून दिसत होतं... युट्टेच्या तोंडावर रंग म्हणून नाही, आणि वर पिशवी लटकलेली. ती संपली, दुसरी लावली. मग आणखी एक. इतकी वर्षं मी माणसं बसमध्ये ढकलतेय, पण पिशवीचं हे टोक मी कधी पाहिलं नव्हतं. टॉरबेन म्हणाला, "कुणाचं असेल गं हे?" मी म्हटलं, "ते सांगत नाहीत." तर म्हणतो, "आपल्या गावातलं असेल का?" अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, की बाबा, आपल्या गावावर विसंबून राहिली असती, तर तिला दुसरी पिशवी मिळाली नसती. गिळलं.

युट्टे वाचली. तुम्ही म्हणाल, चला, गाव सुधारलं. सुधारलं की. पुढच्या वेळी बस आली तर रांग पार सायकलींच्या शेडपर्यंत, हेल्गे पहिला, रिग्मोर त्याच्या मागे, आणि बसमधली नर्स म्हणते, "एवढ्या जणांचं आज जमायचं नाही, काहींनी पुढच्या वेळी या." पुढच्या वेळी आलं कोण? मी, नर्स आणि रोलचा ट्रे. हेल्गेला फोन केला तर म्हणतो, "युट्टेसाठी एकदा दिलंय ना मी." म्हणजे काय, त्या बिचारीला दर तीन महिन्यांनी मी चीजसमोर आडवी पाडू?

आणि टॉरबेन तर त्या रांगेतसुद्धा नव्हता. मला असा संताप आला... सरळ त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. म्हटलं, "तुझी बायको परक्यांच्या रक्तावर चालतेय-फिरतेय, आणि तू बोटीखाली लपतोस? लाज कशी वाटत नाही?" त्याने हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "सुई."

"काय सुई?"

"भीती वाटते मला. ते एकदा दिलं ना, त्या वेळी मी बेशुद्ध पडलो होतो, इंगा. जाग आली तेव्हा नर्स गालावर चापट्या मारत होती. इस्पितळात त्या पिशव्या पाहिल्या, तेव्हा ठरवलं होतं जायचं. त्या दिवशी व्यायामशाळेच्या कोपऱ्यापर्यंत आलोही होतो. पुढे पायच उचलेना."

शिव्या तयार होत्या माझ्याकडे, त्या ठेवल्या बाजूला आणि तिथल्याच एका खोक्यावर टेकले.

"युट्टेला कळता कामा नये," तो म्हणाला. "ती समजते, मी कशालाच भीत नाही. कुणी हात धरून बसलं तर देईन. पण इथे नको, शहरात."

तर आता दर तीन महिन्यांनी आम्ही शहरातल्या रक्तपेढीत जातो. तो छताकडे बघत पडतो, आणि माझा हात असा आवळतो, की बोटं सुटी करायला मला वेळ लागतो. पण देतो हो. प्रत्येक वेळी देतो. नंतर त्याचे पाय ठिकाणावर येईपर्यंत आम्ही बाकावर कॉफी पीत बसतो... आणि तिथेच आम्हाला गावातल्या कुणीतरी पाहिलं. हातात हात होता म्हणे.

काल युट्टे कुंपणाशी आली. "माझ्या नवऱ्याला घेऊन शहरात कुठे जातेस तू?" रागाने गाल लालबुंद. खोटं कशाला सांगू, इतकं रक्त तिच्या तोंडावर बघून मला आधी बरंच वाटलं. पण सांगणार काय? टॉरबेनला शब्द दिलाय. इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा रक्त द्यायला लावलेला हा एकच माणूस, तो घालवू? मी म्हटलं, "कॉफी प्यायला." ती तरातरा आत गेली, दार असं आपटलं, की गल्लीतले पडदे हलले.

असो. रक्ताचं बरं असतं, तीन महिन्यांत भरून येतं... अब्रूला किती लागतात, ते नर्सलाही माहीत नाही.