हजार फूट बाकी

मावशी : अगं, किती वेळा वाचशील ती निवडीची यादी? नाव नाही म्हटल्यावर नाही. फोनकडे डोळे फाडून बघितल्यानं उगवणार आहे का?

ताई : माझं नाव शोधत नाहीये मी. छोट्याचं बघतेय. सातव्या नंबरवर आहे. काय ऐटीत दिसतंय!

छोट्या : ताई, असं नको ना बोलूस. टोमणा वाटतो.

ताई : टोमणा कसला, वेड्या? दोन वर्षं झाली दोघं पायलटचं लायसन खिशात घेऊन फिरतोय. कुणी दारात उभं करत नव्हतं. एकाची तरी सोय लागली.

मावशी : बघ, किती मोठं मन आहे तिचं. आणि तू सकाळपासून तोंड पाडून बसलायस. तुझं नाव आलंय ना रे?

ताई : माझीच चूक होती, मावशी. पाच हजार फुटांवर थांबायचं होतं, मी वर गेले. परीक्षकांनी तिथल्या तिथं कागदावर खूण केली. मला दिसली ती.

मावशी : पण परवाचं ते खरं विमान नव्हतंच म्हणालात ना? सिम्युलेटर का काय ते. मग खोट्या विमानात जरा वर गेलीस तर कुणाचं काय बिघडलं?

ताई : खऱ्यात त्या उंचीवर समोरून दुसरं कुणी येत असतं. म्हणून तर परीक्षेला दोघांना शेजारी बसवतात. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं उंचीच्या काट्यावर नजर ठेवून मोठ्यानं सांगत राहायचं. हजार फूट बाकी, शंभर बाकी, असं. आधी छोट्यानं उडवलं, मी सांगत होते. मग मी उडवलं...

छोट्या : मी बोललोय ना तुला. त्यांनी नेमका तेव्हाच इंजिनाचा लाल दिवा लावला. मी खाली चेकलिस्ट चाळत होतो. काट्याकडे बघितलंच नाही.

ताई : हो रे बाबा. परतताना सांगितलंस, जिन्यात सांगितलंस, काल दात घासताना सांगितलंस. मी एका शब्दानं काही म्हटलं का?

मावशी : आणि असं केवढं गं वर गेलीस?

छोट्या : फार नाही, आई. दोनशे साठ फूट.

ताई : किती?

छोट्या : म्हणजे... दोनशे, तीनशे. अंदाजे.

ताई : अंदाज असता तर अडीचशे म्हणाला असतास. वरचे साठ कुठून आणलेस?

छोट्या : परीक्षक म्हणाले असतील.

ताई : ते 'उंची चुकली' एवढंच म्हणाले. मला स्वतःला आकडा माहीत नाही. ते ऐकून मी नाक खाली घेतलं, काट्यावर नजर गेली तोवर खाली यायला लागले होते. दोनशे साठ क्षणभर दिसले असतील. आणि तू तर चेकलिस्टमध्ये डोकं घालून बसला होतास.

मावशी : पुरे गं. एका आकड्यावरून पोलिसांसारखी काय उलटतपासणी करतेस त्याची?

ताई : मावशी, थांब जरा. छोट्या, इकडे बघ. काटा बघत होतास तू?

छोट्या : ...हो.

ताई : कधीपासून?

छोट्या : पहिल्यापासून.

ताई : आणि गप्प बसलास.

छोट्या : ठरवून नाही गं, शपथ! तोंड उघडलं होतं मी. आवाजच फुटला नाही. मग म्हटलं, बघेल की ती, तिला कधी लागते माझी मदत? तेवढ्यात पाच हजार उलटले. मग बोलून तरी काय...

ताई : आवाज फुटला नाही. तुझा? तू झोपेत बडबडतोस.

मावशी : त्याला फाडून खाऊ नकोस. मी बोलले होते त्याला.

ताई : काय बोलली होतीस?

मावशी : आदल्या दिवशी. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा जावई तुमच्या त्या विमान कंपनीच्याच ऑफिसात आहे. त्या म्हणाल्या, एका घरातली दोघं घेत नाहीत. म्हणून म्हटलं याला, उद्या तू तुझं बघ, ताईच्या मागे मागे करू नकोस. एवढंच. गप्प बस असं नाही हं म्हटलं मी.

ताई : आई गेली तेव्हा तू मला इथं आणलंस. सगळ्यांना सांगायचीस, मला आता दोन मुलं आहेत म्हणून.

मावशी : आहेतच की दोन!

ताई : मग दोघांना समोर बसवून सांगायचं होतंस. मीच म्हटलं असतं, आधी त्याला जाऊ दे.

मावशी : म्हणाली असतीस गं. तेच नको होतं मला. पुन्हा तुझ्याकडूनच मागून घ्यायचं?

ताई : म्हणून न मागता घेतलंस. हा फोन धर. अकरावं आणि बारावं नाव वाच. आडनाव एक, बापाचं नाव एक. सख्खे भाऊ आहेत. परवा आमच्या शेजारी बसून बिस्किटं खात होते. दोघांनाही घेतलंय.

मावशी : अगं बाई...

छोट्या : ताई, मी फोन करतो त्यांना. खरं काय ते सांगतो.

ताई : आणि काय होईल? तुझीही जाईल. उडवत मी होते, काटा बघायला हवा होता मी.

छोट्या : मग का नाही बघितलास? तू कधी असं करत नाहीस. फ्लाइंग क्लबात तुझं उदाहरण द्यायचे सगळ्यांना.

ताई : चल आत. दाखवते.

(आतली खोली. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. समोर कपाटावर कॉकपिटचं मोठं कागदी चित्र चिकटवलेलं.)

ताई : बस. डावीकडे.

छोट्या : आत्ता नको ना, ताई.

ताई : बस म्हटलं ना. तीन महिने इथं बसलोय आपण. जेवायला खुर्च्या हव्यात म्हणून मावशी ओरडायची, तरी उठायचो नाही. चढायला लाग. पाच हजारांवर थांबायचं. उंची मी सांगते.

छोट्या : चढतोय.

ताई : दोन हजार.

छोट्या : दोन हजार. उजवीकडे वळतोय.

ताई : तीन हजार.

छोट्या : तीन हजार... पुढे? ताई, चार झाले का? हजार बाकी म्हण ना.

मावशी : अगं, बोल की.

छोट्या : ताई, किती झाले? मी थांबू कुठं? हा कागदाचा काटा थोडाच हलतोय! बोल ना गं काहीतरी!

मावशी : बोल गं बाई, रडायला लागला तो.

ताई : हा काटा कधीच हलला नाही, छोट्या. तीन महिने मी तुझ्या आवाजावर थांबत आले. परवा खरा काटा समोर हलत होता, तरी मी तुझ्याच आवाजाची वाट बघत होते.