कुठे बोचतंय, ते सांग

(बूट-चपलांचं दुकान. धावपटू मुलगी बाकावर बसलेली. तिला धावायला शिकवणारे तिचे बाबा शेजारी उभे. दुकानवाल्या बाई खाली स्टुलावर, भोवती उघडी खोकी.)

बाई: हा सँडलचा तिसरा जोड. उभी राहा बाळ, आणि सांग, टाच कशी वाटते?

मुलगी: ठीक आहे.

बाई: पहिला ठीक होता, दुसराही ठीक होता. माझ्या दुकानातला प्रत्येक जोड ठीक निघाला तर मी पाटीवरच रंगवून घेईन तसं. पण तुला एकच न्यायचाय ना?

बाबा: डॉक्टरांनी बजावलंय हो. धावायचे बूट काढले की अनवाणी किंवा सपाट चपलेत एक पाऊल टाकायचं नाही, अगदी घरातसुद्धा. टाचेला खोलगट बैठक हवी, तळव्याच्या कमानीला आधार हवा, आणि पट्टे...

बाई: आवळता येणारे. फोनवर सांगितलंत, आल्या आल्या सांगितलंत, आता माझं पाठ झालंय. हा बघा, मधून वाकत नाही, फक्त बोटांपाशी वाकतो. तो निळा मऊ आहे, पण त्यात पाय बुडतो, आधार कसला मिळणार? एवढं मला कळतं. हिला कुठे बोचतंय ते मला कसं कळावं? पाय तिचा.

मुलगी: कुठेच नाही बोचत.

बाई: त्या आरशापर्यंत चालून ये बरं.

बाबा: चाल चांगली आहे तिची.

बाई: दादा, तुम्ही जरा गप्प बसता का?

मुलगी: झालं. हाच घेऊया बाबा, चला.

बाई: अगं थांब, पुढचा पट्टा ढिला राहिलाय. एक भोक आवळते. आता?

मुलगी: ठीक आहे.

बाबा: तो पट्टा सोडा.

बाई: का? ती तर म्हणतेय...

बाबा: आधी सोडा. शर्यतीच्या शेवटच्या फेरीला हिचं तोंड असं होतं. जबडा आवळून घेते आणि पापणी हलत नाही. बाकाशी नुसती उभी राहून कसली आलीये शेवटची फेरी?

मुलगी: काही नाही हो.

बाबा: दुखलं ना?

मुलगी: आपल्याकडे तसं म्हणायचं नसतं.

बाई: कसं?

मुलगी: दुखतंय असं. मैदानावर जो म्हणेल त्याला एक फेरी जास्त. घरीही तेच. माझी दाढ दुखत होती तेव्हा मी जिन्यावरून वर-खाली पळत होते.

बाई: अगं बाई.

बाबा: ती गंमत होती. सगळी मुलं हसायची.

मुलगी: मीही हसायचे.

बाबा: बरं, आज फेरी नाही आणि काही नाही. मी रागावणार नाही. सांग बघू.

मुलगी: मुद्दाम नाही करत मी, बाबा. तुम्ही विचारलंत की तोंडातून तेच बाहेर पडतं. दुसरं काही येतच नाही.

बाई: मग बोलू नकोस. नुसतं बोट ठेव. जिथे नको वाटतं तिथे.

मुलगी: इथे.

बाई: ही टाच कुठे आहे? ही तर पायाची बाहेरची कड.

बाबा: डॉक्टरांना तू टाच सांगितलीस. माझ्यासमोर.

मुलगी: टाचही दुखते. आणि टाच सांगितली की सँडल मिळतात. आपल्यातल्या त्या उंच मुलीने इथलं सांगितलं होतं. तिला प्लास्टर घातलं. परत आली का ती?

बाबा: तिचं वेगळं होतं.

मुलगी: तुम्हीच म्हणालात, संपली बिचारी.

बाबा: हे कधीपासून आहे?

मुलगी: निवड चाचणीच्या आधीपासून.

बाबा: चाचणीत तू पहिली आलीस.

मुलगी: हो.

बाबा: आणि दुसऱ्याच दिवशी मी तुला टेकडीवर पळवलं.

मुलगी: हो.

बाई: दादा, बसा जरा. इथे, तिच्याजवळ. पाणी देऊ?

बाबा: नको. त्या जागेला चालेल असा यातला कुठला जोड आहे?

बाई: पुढून रुंद असा एक आहे. पण खरं सांगू? टाचेचंच असतं तर मी छातीठोकपणे दिला असता. हे मला हाडाचं वाटतंय, आणि हाडातलं मला काही कळत नाही. उगाच काहीतरी गळ्यात मारायचं आणि पोरीचं वाटोळं व्हायचं. आधी डॉक्टरांना दाखवा.

बाबा: एक तरी द्या हो. हिला असंच परत कसं नेऊ?

बाई: हा रुंद घालून जा. पुढचा पट्टा लावूच नका. नाही चालला तर परत आणा, मी काही म्हणणार नाही.

बाबा: दे गं पाय इकडे. मी घालतो.

मुलगी: बाबा, लोक बघतायत.

बाबा: बघू देत. असा लागतो का?

मुलगी: कमी.

बाबा: कमी म्हणजे लागतो.

मुलगी: हो. दुखतंय, बाबा. खूप दुखतंय.

बाबा: बरं. बरं केलंस सांगितलंस.

मुलगी: आता डॉक्टरांना सांगणार?

बाबा: सांगावंच लागेल.

मुलगी: ते धावू देणार नाहीत.

बाबा: नाही देणार.

मुलगी: पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेतही?

बाबा: पुढच्या महिन्यात तर नाहीच. त्याच्या पुढचं ते सांगतील.

मुलगी: मग रोज पहाटे उठून मी काय करायचं?

बाबा: मला नाही माहीत गं. मी काय करायचं, तेही नाही माहीत.