नाना पहिल्या नंबरावर

(घानातलं कुमासी शहर. अडुम बाजारातला डुफीचा मोबाइल दुरुस्तीचा ठेला, शुक्रवारी भर दुपारी. पोकुआ आंटींच्या हातात खेळाचं जुनं यंत्र.)

पोकुआ आंटी: तेच तर मी मघापासून सांगतेय. ही गोगलगाय नाही.

डुफी: नाही, आंटी.

पोकुआ आंटी: हिला पंख आहेत.

डुफी: आहेत.

पोकुआ आंटी: पोरी, मी साठ वर्षं गोगलगाई खातेय. एकीच्याही रश्श्यात पंख निघाले नाहीत.

डुफी: ते वटवाघूळ आहे. खेळाच्या यादीतलं एकशे अकरावं. तुमची गोगलगाय एकशे बारावी.

पोकुआ आंटी: मग वर नाव ब्रे-ब्रे कसं? ब्रे-ब्रे माझी आहे. माझ्या लेकाने, सार्पोंगने पकडली, त्यानेच नाव ठेवलं. ब्रे-ब्रे म्हणजे सावकाश सावकाश, तशीच चालते ती. नऊ वर्षांपूर्वी इटलीला जाताना माझ्या यंत्रात घालून गेला. आता हे बघ, फडफडतंय. सावकाश फडफडणारं वटवाघूळ मी अजून पाहिलं नाही. खाली पडेल ते.

डुफी: नाव तिचंच आहे. अंग बदललंय.

पोकुआ आंटी: म्हणजे मेली?

डुफी: मेली नाही. सरकली.

पोकुआ आंटी: मी मयताचं कापड विकते, डुफी. लाल, काळं, सगळ्या भावाचं. लोक मेलेल्याला निजला म्हणतात, गेला म्हणतात, गावाला पोचला म्हणतात. सरकला असं अजून कोणी म्हणालं नाही.

डुफी: ज्याने सरकवली त्यालाच विचारा. तो काय, बाकावर माल्ट पीत बसलाय. बोआची, ऊठ. तुझी भक्त आलीय.

बोआची: नमस्कार, आंटी. मी या सुधारित आवृत्तीचा कलासंचालक.

डुफी: आम्ही दोघंच आहोत, आंटी. म्हणून एकाला संचालक व्हावं लागलं.

पोकुआ आंटी: तूच का तो, मेंढीला एका वेळी एकच डोळा मिचकवायला लावणारा?

बोआची: लक्षात आलं तुमच्या? ती सुधारणा क्रमांक त्र्याहत्तर.

पोकुआ आंटी: मला वाटलं मेंढीला अर्धांगवायू झाला. दोन दिवस औषध पाजत होते.

डुफी: तरी मी म्हणत होते. वीस वर्षांपूर्वी तामाकागो आला तेव्हा बरा खेळ होता. गवतात प्राणी धरा, टोपलीत घाला, झुंजवा. मग कंपनीने तोच नवा रंग लावून परत विकायला काढला. रंग झकास, पण आत सगळं बाळबोध केलेलं. हरायची सोयच नाही. म्हणून आम्ही त्यातच फेरफार करून आपला मॉड काढला. वाटणी सरळ होती. मोडलंय ते मी नीट करते, आणि जे नीट आहे ते हा सुधारतो.

बोआची: दोनशे चौदा सुधारणा, आंटी. गवताला सावली आली. झोपलेला प्राणी घोरतो. दुकानदार कधीकधी माल समोर असताना 'संपलं' म्हणतो. दर तीन तासांनी खेळातली वीज जाते.

पोकुआ आंटी: वीज जायला मला खेळ कशाला लागतो?

बोआची: त्याला वास्तववाद म्हणतात.

पोकुआ आंटी: आणि गोगलगाईचं वटवाघूळ होतं, त्याला काय म्हणतात?

डुफी: त्याला नाना म्हणतात. सांग तिला, बोआची. उभा राहून सांग. मला ऐकताना दर वेळी नवीन वाटतं.

बोआची: मी एक नवा प्राणी घडवला, आंटी. नाना ओडिक्रो. आमच्या गावचे राजे, माझे चुलत आजोबा, त्यांच्यावरून. डोक्यावर छत्री, अंगावर केंटेचं रंगीत राजवस्त्र, पायांत चपला. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून जमिनीवरचा कुठलाही हल्ला त्यांना लागत नाही.

पोकुआ आंटी: हे बरंय.

डुफी: पुढे ऐका. नाना थेट कोणाशी बोलत नाहीत, त्यांचं म्हणणं दरबारातला काठीवाला सांगतो. म्हणून झुंजीत पहिल्या डावात नाना काठीवाल्याच्या कानात हल्ला सांगतात. दुसऱ्या डावात काठीवाला तो मोठ्याने जाहीर करतो. तिसऱ्या डावात हल्ला होतो.

पोकुआ आंटी: आणि तोवर समोरचा काय करतो?

डुफी: समोरचा नानांना मारतो.

बोआची: राजाने घाई करायची नसते.

पोकुआ आंटी: खरंय. आमचे सार्पोंगचे वडीलही घाई करायचे नाहीत. पण माझी गोगलगाय यात कुठे आली?

बोआची: मी गावी गेलो, आंटी. रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन. नानांना खेळ दाखवला. नानांनी बराच वेळ पाहिलं, मग काठीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काठीवाला म्हणाला, नाना विचारतात, या यादीत नाना कितवे? मी म्हणालो, तीनशे सत्त्याऐंशीवे. नव्याला शेवटचा नंबर देतात. एक म्हातारा उठून बाहेर गेला. मग काठीवाला म्हणाला, नाना विचारतात, पहिला कोण?

पोकुआ आंटी: पहिला कोण आहे?

डुफी: मुळा.

पोकुआ आंटी: काय?

डुफी: पांढरा मुळा. डोळे आहेत त्याला.

बोआची: आता तुम्हीच सांगा. आमच्या राजाला मुळ्याच्या मागे उभं करू? तेही तीनशे पंच्याऐंशी जणांच्या पलीकडे? अख्खं गाव बघत होतं.

डुफी: म्हणून साहेबांनी परत येऊन नानांना पहिल्या नंबरावर बसवलं. यादीच्या डोक्यावर. मुळा दोन नंबरला गेला, दोनचा तीनला. सगळे एकेक घर खाली. आणि लोकांच्या यंत्रांत फक्त नंबर साठवलेला असतो, आंटी. तुमच्या यंत्राला ठाऊक आहे, पोकुआबाईंकडे एकशे बारा आहे, नाव ब्रे-ब्रे. एकशे बारावर आता वटवाघूळ बसलंय. यंत्र तरी काय करणार?

पोकुआ आंटी: म्हणजे सगळ्यांचंच असं झालं?

डुफी: एकशे चाळीस जण खेळतात. ओबुआसीचा एक शिक्षक चार वर्षं गरुड पाळत होता. रविवारी उठून बघतो तर शिंपला. त्याने मला आवाजी निरोप पाठवलाय, सतरा मिनिटांचा. पहिली दोन मिनिटं नुसता श्वास आहे.

बोआची: नवीन गोष्टीला सुरुवातीला विरोध होतोच.

पोकुआ आंटी: सार्पोंगकडे माझी कोंबडी आहे. त्याने गोगलगाय दिली, मी कोंबडी दिली, विमानतळावर. तिचा बैल झालाय म्हणे. त्याने फोन केला होता. ते जाऊ दे. माझी गोगलगाय परत दे.

डुफी: तुमच्या एकटीच्या यंत्रात नंबर बदलू शकते. पण मग तुमचं यंत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं होईल. सार्पोंगच्या यंत्राशी जोडलं जाणार नाही. कोंबडी तिकडेच राहील, गोगलगाय इकडे.

पोकुआ आंटी: नको.

डुफी: किंवा नवी गोगलगाय करून देते. तश्शीच. पकडणाऱ्याच्या जागी सार्पोंगचं नाव टाइप करते.

पोकुआ आंटी: पोरी, माझ्या दुकानात लोक येतात. म्हणतात, आजीच्या कापडासारखंच कापड द्या. मी देते. तोच रंग, तीच नक्षी. ते घरी नेतात आणि आजीची पेटी उघडून रडतात. कळलं?

डुफी: कळलं. मग एकच उपाय. नाना शेवटी, बाकीचे आपापल्या जागी.

बोआची: शक्य नाही.

डुफी: दोन मिनिटांचं काम आहे.

बोआची: राजाला उचलून खाली बसवायचं, याला आमच्याकडे पदच्युत करणं म्हणतात. त्याला कारण लागतं, ज्येष्ठांची बैठक लागते, बळी द्यायला मेंढा लागतो.

डुफी: मेंढा यादीत एकशे नव्वदवा आहे. आता एकशे एक्क्याण्णव.

पोकुआ आंटी: तू स्वतःच कर ना, याला कशाला विचारतेस?

डुफी: यादीला याने कुलूप घातलंय. पासवर्ड म्हणजे नानांचं पूर्ण नाव, सगळ्या पदव्यांसकट. चोपन्न अक्षरं. यालाही पाठ नाही, काठीवाल्याने कागदावर लिहून दिलंय.

बोआची: मी मध्यममार्ग काढला होता. नानांना शून्यावर बसवलं होतं. पहिल्याच्याही आधी, आणि कोणी सरकलंही नसतं.

डुफी: हां, ते राहिलंच. आंटी, या खेळात शून्य म्हणजे 'इथे कोणी नाही'. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या प्रत्येक रिकाम्या टोपलीत नाना. गवतात फिरून काही सापडलं नाही की नाना सापडायचे. टाकोराडीच्या एकीकडे तेवीस नाना झाले. त्यांच्यात मोठा कोण, यावरून यंत्र बंद पडलं. मग याने नानांना परत पहिल्यावर नेलं.

बोआची: प्रजेला आनंद झाला होता.

डुफी: प्रजेने ग्रुपात इतक्या शिव्या घातल्या की त्यात दुरुस्तीची फाइल सापडेना. आता मी एकेकाला वेगळी पाठवते.

पोकुआ आंटी: थांब जरा. बोआची, बाळ, इकडे ये. तो माल्ट खाली ठेव. तू दरबाराची मिरवणूक पाहिली आहेस ना?

बोआची: मी राजघराण्यातला आहे, आंटी.

पोकुआ आंटी: म्हणून तर विचारतेय, मांडवातून काय दिसतं मला ठाऊक नाही. मी रस्त्यावर उभी असते. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे कोण असतं?

बोआची: पुढे… गर्दी हटवणारे.

पोकुआ आंटी: मग?

बोआची: राजाचं स्टूल, म्हणजे गादी, डोक्यावर घेतलेले. मग ढोलवाले, बंदूकवाले, तलवारी धरणारे. मग धाकटे राजे.

पोकुआ आंटी: आणि मोठी छत्री?

बोआची: ती… शेवटी.

पोकुआ आंटी: का रे बाबा शेवटी?

बोआची: कारण सगळ्यांत मोठा सगळ्यांत शेवटी येतो.

पोकुआ आंटी: आणि तू तुझ्या राजाला कुठे उभं केलंस?

बोआची: यादी म्हणजे काही मिरवणूक नाही, आंटी.

पोकुआ आंटी: कुठे ते बोल ना. काठीवाला बोलावू?

बोआची: पहिलं.

पोकुआ आंटी: म्हणजे आख्ख्या मिरवणुकीत नाना गर्दी हटवतायत. आणि कोणासाठी वाट मोकळी करतायत?

डुफी: मुळ्यासाठी.

पोकुआ आंटी: डोळेवाल्या मुळ्यासाठी. केंटे नेसून, छत्री घेऊन, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा, मुळा येतोय.' शाब्बास. गावाला कळलं तर मेंढ्यावर भागणार नाही, बाळ.

बोआची: पण मग त्या दिवशी म्हातारा उठून का गेला?

पोकुआ आंटी: म्हातारे उठून बाहेर जातातच. वय झालं की जावं लागतं.

बोआची: आणि नानांनी पहिला कोण विचारलं, ते?

पोकुआ आंटी: आपल्यापुढे चालणारा नोकर कोण, हे राजा विचारणार नाही तर काय तू विचारणार?

डुफी: कागद काढ, बोआची.

बोआची: मला एकदा गावी फोन करू दे.

डुफी: कर. काठीवाल्याला सांग, आठवडाभर तुमचे राजे मुळ्याच्या पुढे रस्ता झाडत होते. तो नानांच्या कानात सांगेल. मग नाना त्याच्या कानात काहीतरी सांगतील. तिसऱ्या डावात काय होतं ते तुला माहीतच आहे.

बोआची: …घे. कागद. इंग्रजी 'एन' मोठा आहे. आणि 'महापराक्रमी' दोनदा आहे.

डुफी: दोनदा?

बोआची: एकदा वडिलांकडून आलंय.

डुफी: उघडलं. नाना, उठा. तीनशे सत्त्याऐंशी. मुळा एकला. आठवडाभरात ज्यांनी नवं काही पकडलंय, त्यांचं आता उलटं सरकेल. त्यांना मी तुझा फोन नंबर देतेय.

बोआची: माझा कशाला?

डुफी: तू संचालक आहेस.

बोआची: आणि उद्या कोणी तीनशे अठ्ठ्याऐंशीवा प्राणी आणला तर? तो नानांच्याही मागे येईल. म्हणजे नानांपेक्षा मोठा.

पोकुआ आंटी: राजाच्या मागे छत्रीचा दांडा धरणारा असतोच. त्याला कोणी मोठा म्हणत नाही.

डुफी: द्या ते यंत्र, आंटी. हं. बघा आता.

पोकुआ आंटी: शिंगं आहेत.

डुफी: आहेत.

पोकुआ आंटी: शंख आहे. डाव्या बाजूला टवका उडालेला. हीच. खाली काय लिहिलंय, वाच, माझा चष्मा दुकानात राहिलाय.

डुफी: ब्रे-ब्रे. पकडणारा, सार्पोंग. ठिकाण, ओढ्याकाठचं गवत. पातळी नऊ.

पोकुआ आंटी: बरोबर. नऊवरच होती. मी तिला कधी झुंजीत घातलं नाही.

बोआची: पातळी नऊ? नऊ वर्षांत? आंटी, तिचा वेग सुधारू का? सुधारणा क्रमांक दोनशे पंधरा. साध्या गोगलगाईपेक्षा चौपट.

पोकुआ आंटी: तू माल्ट पी.

डुफी: झालं. आता बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणांना फाइल पाठवते. सुरुवात सार्पोंगपासून करते. त्याची कोंबडी पाच मिनिटांत परत येईल.

पोकुआ आंटी: त्याला नको.

डुफी: का? बैल झालाय ना तिचा?

पोकुआ आंटी: झालाय. आणि म्हणूनच त्याने फोन केला. सात महिन्यांनी. आधी ओरडला, आई, तुझ्या कोंबडीला शिंगं कशी आली? मग म्हणाला, तिकडे पाऊस आहे का? मग म्हणाला, गुडघा कसा आहे तुझा? चाळीस मिनिटं बोलला. उद्या परत करतो म्हणाला, बैल काय खातो ते विचारायला.

डुफी: मग? पाठवूच नको?

पोकुआ आंटी: पाठव की. सगळ्यांचं आटप आधी. ओबुआसीच्या त्या मास्तरांचा गरुड दे बिचाऱ्यांना.

डुफी: आणि सार्पोंगला?

पोकुआ आंटी: त्यालाही पाठव. पण ब्रे-ब्रे.